गजर होईपर्यंत

१४ जानेवारी १९७३, संक्रांत. अकोले

ही डायरी खताच्या दुकानातून फुकट मिळाली आणि ती लिहायची शिक्षा राधाकृष्ण गुरुजींनी दिली. गुरुजींनी मला सातवीपर्यंत शिकवलं, तेव्हाही ते असंच काहीतरी लिहून आणायला सांगायचे.

झालं असं की मागच्या आठवड्यात गिरणीत चक्कर आली म्हणून संगमनेरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दंडाला पट्टा बांधून फुगवला, पाऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "वडील कशाने गेले?" म्हटलं, अंगावरून वारं गेलं, चार वर्षं अंथरुणात होते, मग गेले. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला तसं व्हायला नको असेल तर आधी ओरडणं बंद करा." मी म्हणालो की मी ओरडत नाही, माझा आवाजच असा आहे. हे बोलणं बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या बायकोला, चांगुणाला, शब्दन् शब्द ऐकू गेलं म्हणे. दार लावलेलं होतं, पण हल्ली दारं पातळ करतात. मग डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावून काहीतरी सांगितलं. काय ते तिने मला सांगितलं नाही. काळजी घ्या, असंच असेल.

आज गुरुजी तिळगूळ घेऊन गिरणीत आले. गेल्या वर्षी ते कुठल्याशा धर्मशाळेत ध्यानाच्या शिबिराला जाऊन आलेत आणि तेव्हापासून दोन्ही वेळा डोळे मिटून बसतात. म्हणाले, "रंगनाथ, तूही बस. पाठ ताठ, डोळे बंद, आणि श्वास येतो-जातो तिकडे लक्ष. औषधाच्या बरोबरीनं याचाही उपयोग होईल."

दळणाच्या रांगेत गोजरबाई होती. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "आप्पा आन् गप बसनार? आप्पा गप बसला तर माझी म्हैस अभंग म्हनंल!" सगळी रांग हसली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. गिरणी पुढे आणि घर मागे, तसाच आत गेलो, देव्हाऱ्यातली खंडोबाच्या भंडाऱ्याची वाटी घेऊन बाहेर आलो आणि सगळ्यांच्या देखत भंडारा उचलला: एकदा ध्यानाला बसलो की गजर होईपर्यंत डोळा उघडणार नाही, तोंड उघडणार नाही, जागचा हलणार नाही.

गुरुजी म्हणाले, "अरे, शपथेची काही गरज नव्हती." पण तोवर कपाळाला भंडारा लागला होता.

१७ जानेवारी

ध्यानाला शांतता लागते. म्हणून बसण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकदा मोठ्याने दम भरावा लागतो. आज दम भरता भरता इतका दमलो की बसल्यावर श्वास शोधावा लागला नाही, आपोआप ऐकू येत होता.

मी पडवीत घोंगडीवर बसतो. पुढ्यात गजराचं घड्याळ, अर्ध्या तासाचा गजर. त्याला किल्ली देऊन गजर लावायचं काम चांगुणाकडे दिलंय, कारण मी दिली की किल्ली हातात येते.

आज कानावर मुंगी चढली. भंडारा उचललेला माणूस मुंगीला काय करणार? ती सगळा कान फिरून बघून सावकाश उतरली. गजर झाल्यावर तिला शोधलं, सापडली नाही.

२६ जानेवारी

आज झेंडावंदनाच्या सुट्टीत एक मोठं काम झालं. संगमनेरचे आसाराम घरी आले होते. त्यांची तीन दगडांची पिठाची गिरणी आहे, सगळ्या पेठेत मान आहे. त्यांच्या धाकट्या पोरासाठी त्यांनी आमच्या पुष्पावतीला मागणी घातली. मी तिथल्या तिथे शब्द दिला. पाडव्याला सुपारी फोडायची, वैशाखात लग्न. गिरणीवाल्याची पोर गिरणीवाल्याच्या घरी, याहून चांगलं काय?

आसाराम मोकळा माणूस. माझ्यासारखाच. आम्ही दोघं पडवीत बोलत होतो तर समोरच्या वाण्याने फळी लावून घेतली. त्याला वाटलं भांडण लागलं.

पुष्पाला विचारलं. मॅट्रिक झालेली पोर, पण सालस. खाली मान घालून उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. न बोलणं म्हणजेच होकार. चांगुणाही काही बोलली नाही. सगळ्यांना पसंत आहे.

३ फेब्रुवारी

आज ध्यानात व्यत्यय आला. मी डोळे मिटून बसलो होतो. गिरणी चालवणारा आमचा गहिनीनाथ येऊन पुढ्यात उभा राहिला. त्याच्या अंगाला पिठाचा वास येतो, त्यावरून कळलं. जरा वेळ थांबला, खाकरला आणि म्हणाला, "आप्पा, इंजिनाचा पट्टा फाटत आलाय. दोनदा सांगाया आल्तो. तुमी वरडला, मी म्हागारी फिरलो. आता सांगून टाकतो. पट्टा तुटून कुनाच्या तोंडावर बसला म्हंजे मग?" एवढं बोलून पळाला.

मनात काय काय आलं ते इथे लिहीत नाही. गजर होताच तडक गिरणीत गेलो. पट्टा खरोखरच दोन धाग्यांवर होता. बदलला. माझ्या लक्षात आलंच असतं म्हणा.

१२ फेब्रुवारी

ही गोष्ट गावभर झाली. गहिनीनाथाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आज गोजरबाई आली. घोंगडीसमोर फतकल मारून बसली आणि तिने सुरुवात केली, "आप्पा, मला म्हाईत हाय तुला बोलता येनार न्हाई, तवाच आले. माझ्या लेकाच्या हळदीला गहू दळाया दिला, त्यो तू रेशनच्या मायलोवर दळला. पयली पायली काडून टाकायची का न्हाई? समद्या पोळ्या लाल! इहीन म्हनली, गव्हाच्या हायेत का विटांच्या? मी तुला इचारलं तर तू माझ्यावरच डाफरला. आता गप ऐक."

मी गप ऐकलं. दुसरा इलाज नव्हता. रेशनचा मायलो म्हणजे लाल ज्वारी; तो दळला की दगड लाल होतो, त्यावर लगेच गहू घालायचा नाही, हे मला शिकवते! पण खरं सांगायचं तर त्या दिवशी रांग मोठी होती आणि मी घाई केली होती. आज गहिनीनाथाला सांगितलं, मायलो सगळा दुपारनंतर दळायचा, गहू-बाजरी सकाळी. ही माझी स्वतःची कल्पना.

गुरुजींकडे तक्रार केली की लोक ध्यान करू देत नाहीत. ते हसत सुटले. म्हणाले, "ऐकू येतंय ना? येऊ दे. तू श्वासाकडे बघ."

२० फेब्रुवारी

ध्यानाने माझी प्रगती होते आहे. पुरावे लिहून ठेवतो.

एक, जिभेचे चोचले सुटले. भाजीत, आमटीत, पिठल्यात मीठ कमी आहे की जास्त, हे मला हल्ली कळेनासं झालं आहे. सगळं सारखंच अळणी लागतं आणि तरी मी जेवतो. गुरुजींना सांगितलं, ते म्हणाले, "चांगुणाला नमस्कार सांग." जेवणाचं बोलत होतो, मध्येच चांगुणाचं काय आलं कोण जाणे.

दुसरं, काळाचं भान सुटलं. पूर्वी अर्धा तास सरत नसे. आता बसतो तेव्हा ऊन उंबऱ्यावर असतं आणि गजर होतो तेव्हा ते पार तुळशीपर्यंत गेलेलं असतं. अर्धा तास तोच, पण ध्यानात तो केवढा मोठा होतो! माझं ध्यान वाढल्यापासून चांगुणाही जरा टवटवीत दिसते. त्या वेळात ती मागच्या दारी पायरीवर नुसती बसलेली असते, असं पुष्पा म्हणाली. काम नसेल.

२८ फेब्रुवारी

संगमनेरला जाऊन आलो. पारा खाली आला आहे. डॉक्टर म्हणाले, "छान. गोळ्या चालूच ठेवा. घरी पथ्य सांभाळतायत वाटतं." म्हटलं, पथ्य कसलं, मी सगळं खातो, हे ध्यानाचं फळ आहे. चांगुणा खिडकीतून बाहेर बघत होती.

येताना एसटीत कंडक्टरने सुट्ट्या पैशांवरून वाद घातला. मी त्याला शांतपणे समजावलं. चांगुणाचं म्हणणं की पुढच्या बाकावरचं तान्हं पोर उठलं. पण ते उठायलाच आलं असेल.

७ मार्च

आज जे झालं ते लिहू की नको, असं दिवसभर चाललं आहे.

सकाळी बसलो होतो. पावलं वाजली. पैंजण नाहीत, म्हणजे चांगुणा नव्हे. पुष्पा होती. समोर बसली. मला वाटलं बसली असेल ध्यानाला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आप्पा, मला संगमनेरला द्यू नका."

मी श्वास बघत होतो तो चुकला.

"मुलगा वाईट न्हाई. घर मोठं हाय. पन तिथंबी समदे वरडूनच बोलत असतील. मी जन्मल्यापासून वरडनंच ऐकतीय. तुमी रागावलेलं नसता, मला म्हाईत हाय. तरी बी दारात तुमचा आवाज आला की आई हातातलं भांडं खाली ठिवती. मी बी ठिवती. मला ल्हान घरात द्या, कोरडवाहूत द्या, पन जिथं हळू बोलत्यात अशा घरी द्या."

मग उठून गेली. गजर व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता. इतका लांब अर्धा तास मी जन्मात बसलो नाही. भंडारा उचललेला नसता तर तिथल्या तिथे तिला सांगितलं असतं, की तुझं भलं कशात आहे ते बापाला कळतं. गजर झाल्यावर मात्र तिच्याकडे न जाता सरळ गिरणीत गेलो.

८ मार्च

चांगुणाला विचारलं, पोरगी हे केव्हापासून मनात धरून आहे? ती म्हणाली, "मला काय ठावं. तुमीच इचारा की तिला." मी म्हणालो, विचारलं होतं, ती गप्प राहिली. चांगुणा म्हणाली, "व्हय. गप्प ऱ्हायली."

दिलेला शब्द मोडायचा म्हणजे गंमत आहे का? आमच्या घराण्यात शब्द गेला तर नाक गेलं. आणि हातातलं भांडं खाली ठेवतात म्हणजे काय? भांडं काय मी फोडतो?

आज दुपारी गिरणीतून घरात जाताना मुद्दाम गुपचूप गेलो. चांगुणा ताक घुसळत होती, पुष्पा काहीतरी सांगत होती, दोघी हसत होत्या. मी म्हटलं, "काय गं?" साधंच म्हटलं. रवी थांबली.

१३ मार्च

आज आसारामकडे गेलो. कारण काढलं की दगडाला टाकी लावणारा चांगला माणूस हवा आहे. खरं म्हणजे मला पुष्पाचं म्हणणं खोटं पाडायचं होतं. गजराचं घड्याळ पिशवीतून नेलं होतं. चहाच्या आधी म्हटलं, माझी ध्यानाची वेळ झाली, आणि त्यांच्या ओटीवर डोळे मिटून बसलो.

डोळे मिटले की घर निराळंच ऐकू येतं. आत बायका बोलत होत्या, कुणीतरी गाणं गुणगुणत होतं, बांगड्या वाजत होत्या. मग आसाराम गिरणीतून आले आणि दारातूनच गरजले, "चहा झाला का न्हाई!" नुसतं विचारलं हो, रागाने नव्हे. पण गाणं बंद. बोलणं बंद. आणि एक भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, अगदी हलकेच, आवाज होऊ नये म्हणून जपून ठेवतात तसा.

घर चांगलं आहे. अगदी माझ्या घरासारखं. तरी का कोण जाणे, चहा अर्धाच ठेवून उठलो. परत येताना एसटीत सगळ्या वाटेने मी कुणाशी बोललो नाही. कंडक्टर तोच होता. त्याने दोनदा वळून बघितलं.

२२ मार्च

गुरुजींना म्हटलं, तुम्ही जाऊन आसारामला सांगा की योग नाही. ते म्हणाले, "शब्द तू दिलास, परत घ्यायचा तर तूच घे." शेवटी गहिनीनाथ दगडाच्या कामाला संगमनेरला जाणार होता, त्याच्याबरोबर निरोप धाडला. हे बरं केलं नाही, कळतंय. पण समोर गेलो असतो तर दोघांच्या आवाजात लग्न मोडायच्या ऐवजी छप्पर मोडलं असतं.

पुष्पाला अजून सांगितलं नाही. तिला वाटतं मी ऐकलंच नाही.

२५ मार्च

गिरणीच्या खिडकीतून बघतो तो आसाराम टेम्पोतून उतरताना दिसले. धोतराचा सोगा हातात, तोंड लाल. मी धावत पडवीत गेलो आणि घोंगडीवर बसलो. माझी वेळ नव्हती, पण ध्यानाला काय काळवेळ? चांगुणाने न विचारताच घड्याळ आणून ठेवलं. गजराचा काटा फिरवताना बराच वेळ आवाज येत राहिला. गडबडीत असेल.

आसाराम दारातच सुरू झाले. "रंगनाथ! शब्द म्हंजे काय दळन हाय का? सकाळी टाकलं, सांच्याला न्हेलं? सोयऱ्याधायऱ्यांत माझं नाक कापलंस! आन् निरोप कुनाच्या हाती, तर गड्याच्या? आरं, डोळं तरी उघड!"

रांगेतली सगळी माणसं दळण टाकून गोळा झाली. माझे कान तापले. एकाहून एक उत्तरं जिभेवर येऊन नाचत होती. गोजरबाई कुणाला तरी म्हणाली, "बग, आता उठतोय." मी उठलो नाही. श्वास बघितला असं म्हणवत नाही. मी फक्त एवढंच बघत होतो की आत कुणी भांडं खाली ठेवतंय का. ठेवलं. दोनदा ऐकू आलं.

एकट्याने भांडायचं म्हणजे माणूस लवकर दमतो. आसाराम खाली बसले. चांगुणाने पाणी दिलं. मग ते म्हणाले, आणि त्या मानाने हळू म्हणाले, "वैनी, आमच्या घरात पोरीला काय कमी पडलं असतं?"

उत्तर चांगुणाने दिलं नाही. पुष्पा दारात आली असावी. ती म्हणाली, "मामा, कमी कायबी न्हाई. आवाज तेवढा लई हाय."

"आवाज?" आसाराम ओरडले. छपरावरची कबुतरं उडाली. रांगेतली माणसंही हसली नाहीत. आसाराम स्वतःशीच पुटपुटले, "आमची सून बी आल्यापास्नं बोलत न्हाई. मला वाटायचं मुकी-मुकी हाय, सवभाव आसंल."

चहा घेऊन ते उठले. चांगुणाला म्हणाले, "गजर झाला म्हंजे सांगा त्याला, मी ग्येलो म्हनून. शब्दाचं मी बगतो." पायरीवर थांबून पुन्हा म्हणाले, "ह्ये घड्याळ कुटं मिळतं, वैनी?"

गजर झाला तेव्हा दिवे लागले होते. पुष्पा पुढ्यात उभी होती. मी तिला म्हटलं, "बघू हळू बोलणारं घर. सापडेल." ती रडली. बायकांना चांगल्यालाही रडायला येतं. मलाही धुळीमुळे डोळ्यांना त्रास झाला.

४ एप्रिल, पाडवा

आज ध्यान अजिबात झालं नाही. कसं झालं नाही ते लिहितो.

आज सुपारी फुटायची होती, ती फुटली नाही. गुढी उभारली, गिरणी बंद ठेवली. सणाचं जेवण झाल्यावर संध्याकाळी बसलो. घर शांत होतं. पुष्पा शेजारी गेली होती. खरं सांगतो, गेले दोन महिने गावातलं कोण कोण येऊन या घोंगडीसमोर बोलून गेलं, पण चांगुणा एकदाही आली नाही. तिचं काहीच म्हणणं नसेल, असं मला वाटायचं. वाटून बरंही वाटायचं, आणि नाहीही.

आज पैंजण वाजले आणि समोर येऊन थांबले.

ती म्हणाली, "बोलायचं कायबी न्हाई. बसते जरा." आणि बसली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुमी पयल्यांदा माझ्याशी बोलला तवा मला कान फुडं करावा लागला हुता, इतकं हळू. आत्याबाई म्हनायच्या, माझं पोरगं लाजाळू हाय. मग गिरनी आली. इंजिनावर बोलायचं म्हंजे वरडावंच लागतं, त्ये मला कळतंय. पन इंजिन सांजंला बंद व्हायचं, तुमी बंद व्हायचा न्हाईत. मी लई दिस वाट बगितली. मग सोडून दिलं."

मी बसून होतो. श्वास होता की नव्हता, ध्यानात नाही.

"मामंजींचा आवाज बी असाच हुता. त्यो येका दिसात ग्येला. चार वरसं मी त्यांना घास भरवला, नुसते डोळं हालायचे. आदी वाटायचं, ह्यांचा आवाज बंद झाला तर बरं. आन् झाला तवा घर खायला उठलं. डाक्टर मला म्हनले, तुमच्या मालकाचं बी तसंच हुईल. तवापास्नं मी..." इथे ती थांबली. "तुमचा आवाज जायला नको मला. निस्ता खाली यायला हवा."

तेवढ्यात गजर झाला.

ती उठायला लागली. पैंजण वाजले. मी डोळे न उघडताच चाचपून घड्याळावर हात दाबला. डोळे मिटलेले असले तरी पाणी बाहेर येतं, हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं. गजर झालेला होता, म्हणजे शपथ सुटली होती. मी म्हणालो, "बस. बोल."

तिला ऐकू गेलं नाही. ती खाली वाकली आणि कान पुढे करून म्हणाली, "काय म्हनला?"